हिरव्या तारेचं दुसरं टोक

“चप्पल घाल न वं मंजू! मंग लाव हात!”

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं तेव्हा माझ्या दोन्ही हातांत बादल्या होत्या आणि पाय अनवाणी. मी बादल्या खाली ठेवल्या, कूलरपाशी ठेवलेल्या रबरी चपलेत पाय घातले आणि मग टाकीत पाणी ओतलं.

ती चप्पल कूलरचीच होती. ती घालून कोणी अंगणात जायचं नाही, बाजारात जायचं नाही. पाणी भरायचं असो की वाळ्याच्या ताट्या भिजवायच्या असोत, आधी चप्पल. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी कूलरजवळ अशी एक जोडी ठेवलेली होती, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. चंद्रपूरकडचा मे महिना म्हणजे सकाळी दहाला रस्ते ओस पडतात, संध्याकाळी पाच वाजताही भिंतीला पाठ टेकवत नाही. कूलरशिवाय माणूस राहणार कसा? मग हात लावल्यावर थोडा करंट झोंबला तर झोंबला.

“आमचा तर हातच लावू देत नाई,” भोयरकाकू खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. शेजारचंच घर त्यांचं. दुपारची भांडी आटपली की सुपारी कातरायला आमच्याकडे यायच्या. “नवीन नवरीवानी करते. जवळ गेलं का झटकते.”

आई आतून हसल्या. दिवाणावर पेपर वाचत पडलेले मामाजी मात्र हसले नाहीत.

मामाजी, माझे सासरे, देवाजी लोनगाडगे. अडतीस वर्षं वायरमन. आमच्या गल्लीतली एकवीस घरं त्यांच्या हातची. तो कूलरही त्यांनीच पत्रा कापून, वाळ्याच्या ताट्या बसवून घरी तयार केलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात मला कोणीतरी सांगितलं होतं, देवाजीच्या घरचा कूलर खुशाल मिठी मारून बसावा असा आहे. आणि ते खरंही होतं. यंदाच तो झोंबायला लागला होता.

“मोटार जुनी झाली,” मी विचारलं तेव्हा मामाजी म्हणाले होते. “अन् चप्पल आहे न?”

बादल्या घेऊन मी आत गेले. पाणी थोडं फरशीवर सांडलं होतं. पुसायला फडकं घेऊन येते म्हटलं. एवढाच वेळ. दहा-पंधरा पावलं.

माझी मुलगी शरयू तेव्हा अकरा महिन्यांची होती. नुकतीच धरून उभी राहायला शिकली होती. दिवाण धरायची, काकूंचा गुडघा धरायची, माझ्या साडीच्या निऱ्या धरायची आणि उभी राहिली की चारी बाजूंना बघायची, पाहिलं का मला, म्हणून. मी फडकं घेऊन दारात आले तेव्हा ती रांगत त्या ओल्या फरशीवर पोचली होती. दोन्ही तळहात तिने कूलरच्या पत्र्याला टेकवले आणि अंग वर खेचलं.

आवाज काही झाला नाही. ती मागे फेकल्यासारखी बसली. हात पसरलेले, तोंड उघडं, आणि तोंडातून आवाज नाही. मला वाटतं तीन-चार सेकंद असतील. त्या तीन-चार सेकंदांत मी तिच्यापर्यंत कशी पोचले ते मला आजही आठवत नाही. तिला छातीशी घेतलं तेव्हा ती रडली. ती रडली म्हणून मी रडले.

“घसरली,” आई धावत आल्या. “पाणी सांडलं न तुनं, घसरली पोरगी.”

“नाही आई. तिला लागला.”

मामाजी उठले. खिशातला टेस्टर काढला, कूलरच्या पत्र्याला लावला. टेस्टरमधला लाल ठिपका पेटला. ते त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिले. एवढा वेळ बघायला त्यात काय होतं? मग त्यांनी टेस्टर खिशात ठेवला.

“थोडंसं गळते. जास्त नाई.”

“पोराले थोडा करंट लागला का पाय लवकर फुटतात,” भोयरकाकू मला धीर द्यायला म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मला ते ऐकू आलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी झालं. शरयूला मी काकूंच्या मांडीवर दिलं. भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग ओढून काढला, काकूंच्या हातातला अडकित्ता घेतला आणि कूलरची वायर मधोमध कापली.

पंखा फिरत फिरत थांबला. घरात इतकी शांतता मी त्याआधी मे महिन्यात कधी ऐकली नव्हती.

“हे काय केलं वं बाई तुनं?” आईंच्या तोंडून कसंबसं निघालं.

“आपल्याला चपला आहेत, आई. तिला नाहीत.”

मामाजी खाली वाकले. वायरचं कापलेलं टोक उचलून बघितलं, जसं काही मी कोणाचं तरी बोट तोडलं होतं.

“जोडता येते मले,” ते शांतपणे म्हणाले. “पाच मिनिटाचं काम आहे.”

“जोडा न, मामाजी. पण आधी कोणाला तरी बोलावून सगळी लाइन तपासून घ्या. अर्थिंग तपासून घ्या.”

“कोणाले?” त्यांचा आवाज चढला. “कोणाले बोलवू? कालच्या पोट्ट्याले, ज्याले पक्कड धरता येत नाई? या घराले दुसऱ्या वायरमनचा हात लागणार नाई. मी मेल्यावर लावा.”

“मग कूलर पण लागणार नाही.”

“मंजू!” आई.

“लागणार नाही, आई. मी परत कापीन. जितक्या वेळा जोडला तितक्या वेळा कापीन.”

भोयरकाकू आपला अडकित्ता घेऊन हळूच उठल्या. गल्लीत संध्याकाळपर्यंत बातमी पोचायची सोय झाली.

*

हेमराज, माझे मिस्टर, कारखान्यातून पहिली पाळी करून आले तेव्हा घर भट्टीसारखं तापलं होतं. आई पदराने वारा घेत बसल्या होत्या. मामाजी ओसरीवर. मी शरयूला ओल्या पंच्यात गुंडाळून पलंगाखालच्या फरशीवर घेऊन बसले होते, कारण घरातली तीच जागा जराशी गार होती.

हेमराजनी सगळं ऐकून घेतलं. हातपाय धुतले. मग माझ्याजवळ खाली बसले.

“मंजू, चार दिवस मायकडं जाऊन ये न. बाबाचा राग उतरंल. मी समजावतो त्यायले.”

“माझं घर कोणतं आहे?”

“असं नको न बोलू.”

“मग कसं बोलू? माझं घर हे आहे. घर धोक्याचं आहे म्हणून मी पोरगी घेऊन निघून जाऊ? उद्या परत यायचंच आहे न? तेव्हा कूलर काय लाजून सुधारलेला राहील?”

“अन् उकाड्याचं काय करतं?”

मी शरयूच्या अंगावरचा पंचा काढला आणि परत भिजवायला उठले.

दुसऱ्या दिवशी मी चुना आणला. माझे बाबा वर्ध्याला शाळेत शिपाई होते आणि दर उन्हाळ्यात शाळेच्या गच्चीवर चुना मारायचं काम त्यांचं असायचं. पांढऱ्या गच्चीखालचा वर्ग गार राहतो हे मी लहानपणी पायाने शिकले होते, कारण त्या गच्चीवर आम्ही अनवाणी खेळायचो. चुना भिजत घातला, त्यात डिंक घातला आणि पहाटे पाचला वर जाऊन केरसुणीने सगळ्या स्लॅबवर दोन हात दिले. सहा वाजता ऊन आलं आणि पांढऱ्या गच्चीवरून असं उलटलं की डोळे उघडवेनात.

खाली उतरले तर आई हातात चहाचा कप घेऊन जिन्याशी उभ्या होत्या. कप माझ्यासाठी नव्हता.

“चुना लावला का आता?” त्या म्हणाल्या. “बरं झालं. आमाले लावलाच होता, घराले राह्यला होता.”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

चुन्याने फरक पडला, पण थोडा. तिसऱ्या दिवशी दुपारी शरयूचं अंग तापलं. पाठीवर घामोळ्या उठल्या होत्या, दूध घेईना, नुसती किरकिर. मी तिला अंघोळ घातली, परत अर्ध्या तासाने घातली. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून पडली आणि तिच्या श्वासाची गरम वाफ माझ्या मानेवर लागत राहिली.

“तुह्या हट्टापायी भाजून काढशीन पोरीले,” आई म्हणाल्या. या वेळी टोमणा नव्हता. त्यांनी पदराने शरयूची मान पुसली.

मी कूलरकडे बघितलं. मामाजींनी वायरचं टोक काढून, सोलून, जोडायला तयार करून ठेवलं होतं. फक्त पीळ द्यायचा बाकी होता. मी हो म्हणण्याची ते वाट बघत होते. मी तेव्हा हो म्हणणारच होते. खरं सांगते, ओठांवर आलं होतं. पण शरयूने झोपेत हात उघडला आणि तो उघडा तळहात मला दिसला.

“आई, मागच्या पऱ्हाट्या किती आहेत?” मी विचारलं.

मागच्या अंगणात चुलीवर पाणी तापवायला कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या असायच्या. त्याच पऱ्हाट्या. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मी त्या एकेक डोक्यावर घेऊन वर न्यायला सुरुवात केली. जिन्यावर काड्या टोचायच्या, केसांत कापसाची बोंडं अडकायची. सातला हेमराज रात्रपाळी करून आले. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, वर आले, माझ्याकडे पाहिलं आणि बांबू शोधायला खाली गेले. नऊपर्यंत आम्ही दोघांनी मिळून गच्चीवर कमरेएवढा मांडव उभा केला. चुन्यावर मांडव, मांडवावर पऱ्हाट्यांचा थर.

“देवाजीच्या घरी लगन आहे का बाप्पा?” समोरच्या घरातून आवाज आला.

“वायरमनच्या सुनेनं वायरिंग पऱ्हाटीचं केलं म्हणे,” दुसऱ्या कोणीतरी पुरवणी जोडली आणि गल्ली हसली.

मामाजी ओसरीवर बसून ऐकत होते. मान वर करून त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. इतर वेळी त्यांच्या घराबद्दल कोणी अर्धा शब्द काढला असता तर ते चप्पल घेऊन धावले असते.

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला सवयीने भीत भीत हात लावला. हात तिथेच राहू दिला. आईंना हाक मारली. त्यांनीही लावला. मग त्यांनी आपला गाल लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अंगणातला दोडक्याचा वेल खिडकीपर्यंत आलेला. आईंनी रात्रीतून नाही, पण मी पाणी भरत होते तेवढ्या वेळात सुतळ्या बांधून तो पश्चिमेच्या खिडकीवर चढवला होता. अंघोळीचं पाणी वळवून त्याच्या बुंध्याशी आळं केलं होतं.

“दोडके जास्त लागतीन म्हणून चढवला,” मी बघते आहे असं दिसल्यावर त्या म्हणाल्या. “तुह्यासाठी नाई.”

शरयूचा ताप उतरला. घर काही कूलरइतकं गार नव्हतं. दुपारी घाम यायचाच. पण आता ती खिडकीखाली, वेलाच्या हिरव्या सावलीत झोपायची आणि तिच्या गालावर पानांच्या सावल्या हलायच्या. मी तिथेच बसून तिला बघायचे. मला वाटायचं, जिंकले मी.

*

नवव्या दिवशी सकाळी सहाला नळ आला. पाणी खेचायला आम्ही नळाला छोटी मोटार लावायचो, सगळी गल्ली लावायची. मी मोटार सुरू केली, हंडा लावला आणि भरत आला म्हणून नळ बंद करायला ओला हात चावीवर ठेवला.

खांद्यापर्यंत झणका बसला. हंडा लवंडला, मी मागे भिंतीवर आदळले.

कूलर कापलेला होता. नऊ दिवस तो कोपऱ्यात मेल्यासारखा उभा होता. मग नळात करंट आला कुठून?

मी मोटारीचं बटण बंद केलं. मीटरच्या फळीपासून मी तारा बघत निघाले. लाल तार, काळी तार, आणि त्यांच्यासोबत एक हिरवी. मला एवढं ठाऊक होतं की हिरवी तार जमिनीत जाते. घरात कुठे करंट गळला तर तो माणसाच्या अंगातून न जाता त्या तारेतून मातीत उतरतो. शाळेच्या पुस्तकात होतं.

हिरवी तार भिंतीवरून खाली आली, न्हाणीघराला वळसा घालून नळापाशी आली आणि नळाच्या लोखंडी पाइपाला पत्र्याची पट्टी आवळून बांधलेली होती. तिथे संपली. पाइप तिथून हातभर खाली जमिनीत जात होता. मी माती थोडी उकरली. हातभर लोखंड, मग एक जोड, आणि जोडापुढे काळा प्लास्टिकचा पाइप.

मागच्या दिवाळीत गल्लीत नवी नळाची लाइन टाकली होती. जुने गंजलेले लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे टाकले. पाणी स्वच्छ यायला लागलं म्हणून सगळे खूश होते. पण प्लास्टिकमधून करंट मातीत उतरत नाही.

“मामाजी,” मी हाक मारली. “मामाजी, ही हिरवी तार कुठं जाते?”

ते ओसरीवरून उठून आले. उकरलेली माती बघितली. काळा पाइप बघितला. ते दचकले नाहीत. हळूच न्हाणीच्या दगडावर बसले.

तेव्हा मला कळलं.

“तुम्हाला माहीत होतं.”

“त्या दिवशी समजलं,” ते म्हणाले. “पोरीले झटका बसला, टेस्टर लावला. ठिपका पेटला तवाच समजलं. पत्र्यात करंट उभा आहे, म्हणजे त्याले जायले रस्ता नाई. रस्ता कुठं गेला? मंग आठवलं.” त्यांनी पाइपाकडे बोट दाखवलं. “त्या वेळेस सगळेच असं करत होते. लोखंडाचा पाइप, सारा जमिनीत गाडलेला. याच्याहून चांगलं अर्थिंग कुठलं? पंचवीस वर्षं कोणाले काई झालं नाई. अन् दिवाळीत ते लोक खोदायले आले, तवा मी हितंच उभा होतो. चहा पाजला मी त्यायले. माह्या डोळ्यासमोर लोखंड निंगालं अन् प्लास्टिक गेलं. माह्या ध्यानातच नाई आलं, पोरी. अडतीस वर्षं काम केलं अन् ध्यानात नाई आलं.”

“मग त्याच दिवशी का नाही सांगितलं? मी नऊ दिवस… तुमच्यासमोर पऱ्हाट्या वाहिल्या मी!”

“आपल्या एका घरचं असतं तर त्याच दिवशी अर्थिंगचा खड्डा खणला असता.”

मला क्षणभर समजलं नाही. मग ते बोटं मोजायला लागले. मोठ्याने नाही, नुसते ओठ हलवत. भोयर. पिंपळकर मास्तर. समोरच्या घरातले झाडे. गल्लीच्या तोंडाशी राहणारी पोस्टातली बाई. एकवीस घरं, आणि एकवीसच्या एकवीस घरांत हिरवी तार नळाला बांधलेली. आणि या उन्हाळ्यात एकवीस कूलरांजवळ एकवीस चपला. कोणी म्हणालं मोटार जुनी, कोणी म्हणालं यंदाचे पत्रेच हलके. आम्ही सगळे हसत होतो.

“सांगणार होतो,” मामाजी म्हणाले. “पाऊस पडू दे, कूलर बंद होतीन. मंग गुपचूप एकेका घरी जाऊन खड्डा करून देतो म्हटलं. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी. लोक म्हणतीन देवाजी रिकामा आहे, म्हणून करून रायला. कोणाले समजलं नसतं.”

“भोयरकाकूंची नात कालच आली नागपूरहून.”

त्यांनी मोजायची बोटं मिटली.

“दीड वर्षाची आहे. धावते ती.”

“मंजू…”

“मी चालले सांगायला.”

आई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. त्यांच्या कडेवर शरयू होती. मी तिच्याकडे हात केला नाही. तिला तिथेच राहू दिलं आणि पदर खोचून दाराकडे निघाले.

“थांब.” मामाजी उठले होते. “माहं नाव घेशीन?”

मी फाटकाला हात लावून उभी राहिले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. दाढीचे पांढरे खुंट, आणि खिशात तो टेस्टर, पेनासारखा लावलेला. गल्लीत ते निघाले की लोक ओट्यावरून उठायचे. ‘देवाजी, जरा पंखा बघून घ्या न जी.’ ते सगळं मी पाच मिनिटांत पुसायला निघाले होते, आणि मला त्यांची दया आली. पण थांबावं असं नाही वाटलं.

“घ्यावं लागेल, मामाजी. नाहीतर कोणी ऐकणार नाही. सुनेनं पऱ्हाट्या लावल्या, आता बावचळली म्हणतील.”

ते वळून आत गेले. मला वाटलं दार लावून घेतील. पण ते पायात चपला घालून, डोक्याला दुपट्टा बांधून बाहेर आले आणि माझ्यापुढे चालायला लागले.

भोयरकाकूंचं घर पहिलं. काकू दारातच नातीला भरवत होत्या.

“या न जी भाऊजी! सासरा सून दोघं? समेट झाला वाटते!”

“वहिनी, कूलर बंद करा,” मामाजी म्हणाले. “प्लग काढा. मोटारीचा पण. नळाले हात नका लावू मोटार चालू असताना.”

“काहून?”

“अर्थिंग नाई तुमच्या घरी.”

“असं कसं नाई? तुमीच तर केलं न?”

“मीच केलं,” मामाजी म्हणाले. “अन् आता ते नाई. चूक माही आहे.”

काकूंचा हात नातीच्या तोंडापाशीच थांबला. मग त्यांनी घास वाटीत टाकला, पोरीला उचललं आणि आत जाऊन बटण बंद केल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्या हसत नव्हत्या.

“उकाड्यात कशी ठेवू आता हिले?”

“आमच्याकडे आणा,” मी म्हटलं. “सगळ्यांनी आणा. आमच्या हॉलमध्ये गार आहे.”

समोरच्या झाड्यांनी ऐकून घेतलं आणि मामाजींच्या पाया पडायचं राहिलं एवढंच. पोस्टातल्या बाईंनी विश्वास ठेवला नाही, तेव्हा मामाजींनी त्यांच्या नळाला टेस्टर लावून लाल ठिपका दाखवला. एका घरी म्हणाले, एवढे दिवस झोपले होते का? दुसऱ्या घरी काहीच म्हणाले नाहीत, नुसतं दार लावलं. दार लावायच्या आधी प्लग काढला की नाही, ते मामाजींनी खिडकीतून वाकून बघितलं.

दहा वाजत आले होते. ऊन चढलं होतं. पिंपळकर मास्तरांचं घर बारावं. निवृत्त मुख्याध्यापक, सगळी गल्ली त्यांना वचकून. गल्लीतली बातमी त्यांच्यापर्यंत आमच्याआधीच पोचली होती. ते दारातच उभे होते, आत कूलर भणभणत होता.

“अडतीस वर्षं काय गवत उपटलं का रे देवाजी?” त्यांनी आम्हाला आत या म्हटलं नाही. “माणसं तुझ्या भरवशावर झोपतात घरात! माझा नातू रोज त्या कूलरला टेकून अभ्यास करतो. काही झालं असतं म्हणजे? आं? अडाणी ते अडाणीच. घरात सून शिकवते आणि मग अक्कल येते!”

आजूबाजूची दारं उघडली. मी पुढे झाले, “मास्तर, ते स्वतः चालत आले आहेत, कोणी…”

“बोलू दे त्यायले,” मामाजींनी मला हाताने मागे सारलं. मग ते पायरीवर एक पाऊल वर चढले. त्यांचा दुपट्टा घामाने भिजला होता, पण पाठ सरळ होती. गेल्या नऊ दिवसांत मी ती तशी पाहिली नव्हती.

“मास्तर, आधी मेन बंद करा,” ते म्हणाले. “मंग शिव्या द्या. मी हितंच उभा आहो.”

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. ते कधी मामाजींकडे, कधी माझ्याकडे बघत होते. मामाजी हलले नाहीत. शेवटी मास्तर वळले आणि आत गेले. खटका पडल्याचा आवाज झाला. कूलरची घरघर मंदावत मंदावत गेली आणि थांबली.

मास्तर परत दारात आले. आता त्यांना शिवी सुचेना.

मामाजींनी मिनिटभर वाट बघितली. मग दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि पायरी उतरले.

“चाल, मंजू,” ते म्हणाले. “नऊ घरं राह्यली.”